वेणी माळलेली गिन्नी

छबू हसली. पावण्याला वाटलं, आपल्याला बघून हसली. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

परतीचा पाऊस अवचित कोसळला होता आणि आष्टीचा बाजार बघता बघता पांगला होता. कुणी डोक्यावर गोणपाट घेतलं, कुणी देवळात शिरलं... आणि हा उंच, सावळा गडी पोतदारांच्या ओसरीवर चढला. फेटा निथळत होता, खांद्याला कातडी पिशवी होती. छबूनं त्याच्या खांद्यामागे नजर लावली, बोळकं पसरलं आणि दोन्ही हात पुढे केले. मला घे, म्हणून.

सत्यभामानं लेकीला चटकन पोटाशी ओढलं. पावण्यामागे पावसाच्या धारांशिवाय काही नव्हतं.

"लेकरू लई माणसाळू हाय," तो म्हणाला.

"तुमच्याकडं न्हाई बघितलं तिनं."

"मग कुणाकडं?"

भामानं लेकीचं तोंड पदराआड घेतलं. तान्ह्याची आई एरवीही एक डोळा उघडा ठेवूनच झोपते. त्यात भामाचा नवरा प्लेगात गेलेला, ती माहेरी परत आलेली. लेकरू शिंकलं तरी तिच्या काळजात चर्र व्हायचं. ते कुणाला बघून हसतं, हे तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

पावण्याचं नाव बंकट. इकडे निजामाचा हाली शिक्का, पलीकडे नगरच्या इंग्रजी हद्दीत कलदार रुपया. आष्टी पडली शिवेवर, तेव्हा इथल्या बाजारात सगळीच नाणी फिरायची. बंकट बाजारामागून बाजार करत जुन्या इंग्रजी गिन्न्या हुडकायचा. काही हैदराबादच्या एका शौकीन अमिरासाठी, काही स्वतःसाठी. त्याच्या आजोबापासूनचा नाद होता तो. आणि भामाचे वडील त्रिंबक पोतदार म्हणजे पिढीजात नाणी पारखणारे. आता त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून कसोटी भामाच्या हाती आली होती.

"पाऊस उघडेस्तवर एवढी बघता का?" बंकटनं एक गिन्नी पुढे केली.

भामानं ती फरशीवर टाकली. नाद ऐकला, कसोटीवर रेघ ओढली, तेजाबाचा थेंब सोडला. रेघ विरली नाही.

"सोनं खरं हाय. आन् घोड्यावर ह्यो खंडोबा."

बंकटला हसू फुटलं. "इंग्रजांचा खंडोबा म्हणा. अजगराला मारतोय."

"मग म्हाळसा कुठं हाय?"

"ती काय पल्याडच्या अंगाला. राणीसायब."

भामानं नाणं उलटलं. "तोंड फिरवून बसलीय की. रुसली वाटतं."

"रुसंल न्हाई तर काय... ह्यो सदा घोड्यावर!"

ती हसली. खूप दिवसांनी हसली, आणि लगेच बावरली. पदर सारखा करत तिनं नाणं त्याच्या हातात न देता फरशीवर ठेवलं. त्यानं ते उचलताना मात्र त्याची नजर नाण्यावर नव्हती...

मग दर बाजाराला गिन्नी यायला लागली. कधी तिचा नाद ऐकून हवा असायचा, कधी कस. एकदा तर तीच गिन्नी दुसऱ्यांदा आली.

"भामे," आतून त्रिंबक म्हणाले, "पावण्याच्या गिन्नीला दर बाजाराला कावून खोट दिसाया लागली गं? का पावण्यातच काही खोट हाय?"

"असंल की, काका," बंकट ओसरीवरून म्हणाला. "बघा म्हणावं कसाला लावून."

"मानूस लावत न्हाई मी कसोटीवर," भामा म्हणाली. कान मात्र लाल झाले होते.

हे सगळं गोडच होतं. पण...

पण बंकट आला की ओसरीवर ओल्या हळदीचा वास यायचा. तो बोलताना मध्येच थांबला की दाराशी काकणं किणकिणायची. भामाच्या हातात तर काकणं नव्हती. आणि एके दिवशी पाऊस नसताना, तो निघून गेल्यावर भामा ओसरी झाडायला आली आणि तिचा खराटा हातातच राहिला. फरशीवर ओली पावलं उमटली होती. बाईची, अनवाणी, लहानशी. उंबरा ओलांडून ती थेट पाळण्यापाशी गेली होती आणि तिथेच थांबली होती. माघारी फिरल्याची खूण नव्हती.

छबू पाळण्यात खुदखुदत होती.

भामानं ती पावलं पदरानं पुसली.  त्या दिवसापासून तिनं छबूला पाळण्यात टाकलं नाही. कमरेवर घेऊनच ती चूल करी, पाणी भरी. पुढच्या बाजाराला बंकट आला, तेव्हा ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"तुमच्यासंगं कोण येतं?"

बंकटचा चेहरा उतरला. त्यानं पिशवीतून मळका तांबडा कपडा काढला. त्याला घट्ट गाठ मारलेली होती.

"मला वाटलं हुतं, मलाच ऐकू येतं," तो म्हणाला. "बायना... माजी पयली बायको. बाळंतपणात गेली. लेकरूबी गेलं."

भामाचा हात आपोआप छबूच्या डोक्यावर गेला.

रीत अशी होती: दुसरेपणाची बायको गळ्यात पहिलीचा टाक घालते. चांदीसोन्यात उठवलेली तिची छोटी मूर्त. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सणाचा घास आधी तिला, मग आपल्याला. मान मिळाला की गेलेली निवांत होते. बंकटच्या आईनं, सुभद्राबाईंनी, टाक घडवलाच नाही. सुनेला याहून मानाचं काय, म्हणून त्याच्या आजोबाच्या जुन्या डबीतली राणीची म्हणून एक गिन्नी काढली, कडी लावली आणि देव्हाऱ्यात बसवली. रोज हळदकुंकू. पुढे दुसरी मुलगी बघितली. साखरपुड्यात ती गिन्नी तिच्या गळ्यात घातली, तशी पोरगी पांढरीफटक पडली. छातीवर गार दगड ठेवल्यागत होतंय, म्हणाली आणि उठूनच गेली. तेव्हापासून गावभर एकच बोलणं, बायना राजी नाही.

"बाकीच्या गिन्न्या मी डोळं झाकून पारखतो," बंकट म्हणाला. "हिची गाठ सोडाया हात उठत न्हाई. खोटी निघाली तर मी तिला मेल्यावरबी खोटंच दिलं. आन् खरी निघाली तर... तर मान पोचूनबी तिलाच मी दुसरं घर केलेलं नको हाय. मग मी पुन्हा हितं येनार न्हाई. तुमच्या लेकराच्या वाटंला तिला आननार न्हाई."

"आन् तुमी यावं वाटत असंल तर?"

त्यानं मान वर केली. "कुणाला?"

भामानं छबूला वडिलांच्या मांडीवर दिलं आणि तांबड्या कपड्याची गाठ सोडली.

गिन्नी दिसतच नव्हती. वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचं जाड पूट चढलं होतं. भामानं वाटीत रिठ्याचं पाणी केलं, नाणं त्यात सोडलं, मऊ कुंचल्यानं हळूहळू घासत राहिली. पाणी तांबडं झालं. त्या तांबड्या पाण्यात तिला एक चेहरा दिसला. तिच्या स्वतःच्या चेहऱ्याच्या किंचित मागे, खांद्यावरून वाकून बघणारा... ती वळली नाही. घासत राहिली.

मग तिनं नाणं पुसलं, कसाला लावलं.

"सोनं सोळा आणे खरं. पर तुमची रानी लई थोराड हाय. गळ्याला लोंबतं मांस काय, मान काय! बघा तर."

बंकटनं नाणं उजेडात धरलं. बघतच राहिला.

"आवं... ह्यो तर राजा हाय!"

"राजा?"

"राणीच्याबी आदीचा. जुना जॉर्ज. डोक्यावर पानांची माळ, मागं फीत बांधलेली... आईला वाटलं, बाईनं वेणी माळलीय!"

आत त्रिंबक ठसका लागेस्तोवर हसले. "म्हंजे सुभद्राबाईनं इत्की वर्सं इंग्रजाच्या राजाला सून म्हनून हळदकुंकू लावलं? आन् त्यानं मुकाट लावून घेतलं?"

भामाही हसली, बंकटही. पण हसणं विरलं तसा ओसरीवर पुन्हा तो वास दरवळला, आणि भामाला एकदम उमगलं.

"मग बायनाबाई ह्यात नव्हत्याच," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना बसाया जागाच दिली न्हाई कुणी. नाराज कुठल्या... बिचाऱ्या दारोदार फिरत्यात तुमच्यामागं."

बंकटनं नाणं तिच्यापुढे सरकवलं. "वितळवा. हिचाच टाक करा. असली जुनी गिन्नी मला पुन्हा घावायची न्हाई, म्हाईत हाय. तरीबी."

"खरं नाणं मी मुशीत टाकत न्हाई. राजाचा काय गुन्हा?"

ती आत गेली आणि उतरून ठेवलेली आपली चांदीची जोडवी घेऊन आली. त्रिंबकांनी आवाजावरून ओळखलं, काय आणलं ते. त्यांनी भात्याला हात घातला.

जोडवी वितळली, ठोकून ठोकून चांदीचा पातळ पत्रा झाला. भामा उलट्या बाजूनं बारीक खिळ्यानं मूर्त उठवू लागली.

"कशा दिसायच्या त्या?"

बंकटनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. मग त्याचा आवाज फुटला. "आठवत न्हाई... चेहराच आठवत न्हाई मला. रोज आठवून बघतो."

"असू द्या," भामा म्हणाली. इतक्या हळुवारपणे की तिचं तिलाच नवल वाटलं.

तिचा हात चालत होता. रुंद कपाळ. किंचित पुढे आलेला ओठ. हनुवटीवर खिळा आपसूक थांबला आणि तीन ठिपके देऊन उठला. तिनं टाक सुलटा करून त्याच्यापुढे धरला.

बंकटनं बोट त्या हनुवटीवर टेकवलं.

"गोंदन... हे तीन ठिपकं... तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई." ती टाकाकडे बघत म्हणाली. "मगाशी पान्यात दिसलं."

दिवेलागण झाली होती. छबू आजोबांच्या मांडीवर चुळबुळू लागली, तसं बंकटनं तिला उचललं. या खेपेला छबूनं त्याच्या खांद्यामागे बघितलं नाही. ती आईच्या हातातल्या टाकाकडे बघत होती.

भामानं टाक काळ्या दोऱ्यात ओवला. क्षणभर तो तळहातावर तोलला. लेकरासाठी भुकेल्या या बाईला आपल्या लेकराच्या इतकं जवळ आणायचं? गळ्याशी, जिथं छबू दूध पिताना डोकं टेकते तिथं?  मग तिला पाळण्यापाशी थांबलेली ती पावलं आठवली. नुसती थांबलेली. कितीदा तरी छबू एकटी होती, आणि तिला कुणी ओरखडासुद्धा काढला नव्हता.

"बायनाबाई," ती पुटपुटली, "लेकरू दोघींचं."

आणि तिनं टाक स्वतःच्या गळ्याला लावला.

बंकट छबूला घेऊन पुढे आला. "भामा... ह्याचा अर्थ... तुमी..."

"पोतदाराची लेक हाय मी. पारखल्याबिगर काही घेत न्हाई."

तिनं दोरा मानेमागे नेला.  गाठ बसेना, दोरा निसटत होता. तेवढ्यात मानेला गारेगार बोटांचा स्पर्श झाला, आणि तिचे डोळे मिटले. दोरा हलकेच हातातून काढून घेतला गेला. गाठ बसली, घट्ट आणि नेमकी, आणि मानेवरचे केस कुणीतरी मायेनं बाजूला सारले.

"दिसता तसं न्हाई तुमी," ती लाजून म्हणाली. "गाठ बरी मारता येती की."

"मी?"

तिनं डोळे उघडले. बंकट तिच्यासमोर उभा होता, आणि त्याचे दोन्ही हात छबूत गुंतले होते.

छातीवरची चांदी कोमट होती. भामानं तिच्यावर तळवा ठेवला, भिजल्या डोळ्यांनी हसली आणि पदर डोक्यावर घेतला.

"घरी आईंना सांगा, पाट लावायचा दिस धरा म्हणावं," ती म्हणाली. "आमी तिघी येतो."