पेडलवरचा पाय

स्तामेनला हार जाणार नाही अशी गाडी अजून जन्मायची होती. असं तो स्वतःच सांगायचा. त्यानं दुरुस्त केलेल्या शेवटच्या दोन गाड्यांत सध्या त्याच्या कोंबड्या अंडी घालतात, हेही तोच खिदळत सांगायचा.

तरी मृतांच्या शनिवारी यांका त्याच्याच भरवशावर निघाली, कारण गावात दुसरा कुणी गाडी चालवण्याइतका शुद्धीवर नव्हता. जुनी जीप तिच्या नवऱ्याची, वेलिनची. तो हिवाळ्यात शहरातल्या इस्पितळात वारला. यांकाच्या मांडीवर त्याच्या नावानं वाढायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं होतं. घाटापलीकडच्या दफनभूमीत धर्मगुरू मेलेल्यांची नावं वाचून दुपारीच परतायचे. वेलिनचं नाव राहिलं, तर तो तिकडे उपाशी राहील, याच धास्तीनं तिनं सकाळपासून घास गिळला नव्हता.

घाटात, झऱ्यापाशी, क्लचचं पेडल खाली गेलं ते वर येईना. गिअर टाकायला जावं, तर खालून करकरा दात खाल्ल्याचा आवाज.

"मोडलीस ना गाडी?" यांका म्हणाली.

"मी कशाला मोडू? तुझ्या नवऱ्यानंच मोडकी ठेवलीय माझ्यासाठी."

बॉनेटखाली क्लचच्या तेलाची डबी कोरडी पडली होती आणि नळीचा सांधा पाझरत होता. स्तामेननं सांधा आवळला, तेल ओतलं. पण नळीत हवा शिरली होती. पेडल स्पंजासारखं पिचपिचत होतं. हवा काढायला माणसं दोन लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली पडून स्क्रू सैल करायचा, पुन्हा आवळायचा.

यांका झऱ्यावर पाणी भरायला गेली होती. दिवसाढवळ्या धुकं इतकं दाट, की झऱ्याचा नुसता आवाज यायचा. स्तामेन गाडीखाली सरकला आणि त्याला खोडी सुचली. मृतांच्या शनिवारी नाव घेतल्याशिवाय कुणी कुणाला हाक मारत नाही, पोटच्या पोरालासुद्धा; बिननावाच्या हाकेला मेलेलं कुणीही ओ देतं म्हणे. यांका चिडावी म्हणून तो मुद्दाम ओरडला, "कुणी मोकळं आहे का रे? या, पेडल दाबा!"

दार वाजलं. सीटची स्प्रिंग कुरकुरली. ओल्या मातीचा वास खाली उतरला.

"आलीस? दाब."

पेडल दाबलं गेलं.

"धर..." स्क्रू सैल केल्यावर तेलातून बुडबुडे फसफसले. स्क्रू आवळून तो म्हणाला, "सोड..."

पुन्हा दाब, पुन्हा सोड. किती शांत, किती बेताचा पाय! यांका तर शिवणयंत्रही लाथा मारल्यासारखं चालवायची. शेवटी नितळ तेल आलं आणि त्याच वेळी त्याच्या डोक्याशी, गाडीबाहेर, यांकाचे ओले बूट येऊन थांबले.

"एकटाच काय बडबडतोस रे खाली?"

स्तामेन हळूच म्हणाला, "यांके... आत कोण बसलंय?"

"कुणी नाही."

"नीट बघ."

"बघूनच सांगतेय. आजच्या दिवशी तरी खोड्या नकोत."

"दाब..." तो पुटपुटला.

नाकासमोरचा, पेडलबरोबर हलणारा क्लचचा लोखंडी दांडा सरकत बाहेर आला आणि थांबला. भीतीपेक्षा त्याला गंमतच जास्त वाटली. "सोड..." दांडा आत गेला. "आता अर्धंच..." दांडा अर्ध्यावर येऊन थबकला. स्तामेन पोरासारखा फिसकन हसला.

तो बाहेर आला तेव्हा यांका भांडं छातीशी धरून खिडकीतून आत बघत होती. सीट रिकामी, पण गादी खोल दबलेली. पेडल अर्ध्यावर.

"घाबरतेस काय वेडे! आपला वेलिन आलाय. स्वतःचा गहू वेळेत पोचायला नको का त्याला? क्लचवर इतका हलका पाय दुसऱ्या कुणाचा असणार?"

यांकानं नजर पेडलवरून काढली नाही.

"इस्पितळात त्याचा डावा पाय मांडीपासून कापला होता, स्तामेन... शवपेटीत चादरीखाली तेवढी जागा रिकामीच होती. तू थट्टा करशील म्हणून कुणाला सांगू नको, असं तोच म्हणाला होता. हा पाय कुणाचा आहे?"