शेवटच्या पाळीची बादली

पुष्पा गेल्याचं रामकृष्णाला कारखान्याच्या गेटवर कळलं. पहिली पाळी सुटली होती. गर्दीतून शेजारचा मुरलीधर पुढं आला आणि नुसता उभा राहिला. टोपी त्यानं काढून हातात धरली होती.

सकाळी पुष्पाला दोनदा जुलाब झाले होते. रामकृष्ण घरी थांबतो म्हणाला, तर तिनंच डबा हातात दिला. "जा तुम्ही. लढाईचं काम आहे, खाडा नको."

त्याच दिवशी चाळीतल्या बापूसाहेबांची मुलगी बेबीही गेली. कांचघर वस्तीजवळच्या त्या मराठी चाळीतून हैज्यानं, म्हणजे कॉलऱ्यानं, आठवड्यात चार माणसं नेली. चाळीत पाण्याची सोय एकच होती. झाकलेली विहीर आणि तिच्यावर बसवलेला हातपंप. आरोग्य खात्याचा माणूस दुपारी येऊन बाटलीत पाणी घेऊन गेला. तपासणीत पाणी चांगलं निघालं.

"पाणी चांगलं, तर माणसं कशानं मेली?" बापूसाहेब अंगणात म्हणाले. मुलीचं दुःख त्यांच्या डोळ्यांत लाल होऊन बसलं होतं. "कोणीतरी कालवतंय त्यात. नथ्थूच्या घरात पाहा, एकाला तरी काही झालं काय?"

नथ्थू संडास साफ करी. टोकाच्या खोलीत बायकामुलांसह राही. सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर, संध्याकाळी, त्याची पाळी. रविवारी त्याला चाळीबाहेर काढायचं ठरलं. पोरांनी काठ्याही आणून ठेवल्या.

रामकृष्णाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तो नेपियर टाउनात शशिकांत दाभाडकरांकडे गेला. वकिलांसाठी, विमावाल्यांसाठी खासगी तपास करणारा हा बारका, चष्मेवाला माणूस.

"नथ्थूनं माझी बायको मारली," रामकृष्ण म्हणाला. "मला पुरावा पाहिजे. चाळीबाहेर काढून काय होते? तो फासावर गेला पाहिजे."

शशिकांतनं त्याला आधी पाणी दिलं. मग म्हणाला, "पुरावा शोधू. पण तो कोणाच्या दारात निघेल, ते तुम्ही आधीच ठरवून राहिले."

रविवारी सकाळी दोघं चाळीत आले. नथ्थूला काढायची बैठक दुपारी होती.

विहिरीवर लाकडी झाकण, त्याला कुलूप. किल्ली मुरलीधरच्या जानव्याला.

"विहिरीत औषध मीच टाकतो," मुरलीधर म्हणाला. "लाल दवा. एकही आठवडा चुकवला नाही. आता माझ्यावर संशय घेता काय?"

"किल्ली तुमच्याकडेच, मग नथ्थू कालवणार कसा?" शशिकांतनं विचारलं.

मुरलीधरनं किल्ली मुठीत धरली. रामकृष्णानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. हाच तर नसेल? गेटवर टोपी काढून उभा राहिला तो हाच.

"उघडा," शशिकांत म्हणाला.

झाकण उघडून त्यानं आरशानं आत ऊन पाडलं. काळे, कोरडे दगड. खाली नितळ पाणी. कुठं हिरवा ठिपका नाही.

"आता पंप खोला, रामकृष्णभाऊ. तुम्ही फिटर ना?"

रामकृष्णानं पाना लावला. दांडा वर ओढला. चामड्याचा वायसर कडेला फाटून पापडासारखा झाला होता. त्याला हिरवं शेवाळ चिकटलेलं होतं.

"नवा काहून नाही टाकला?" रामकृष्णानं विचारलं.

"कुठून आणू?" मुरलीधर उसळला. "सगळं चामडं फौजेच्या बुटांत जाऊन राहिलं. रात्रभरात हा वाळतो. सकाळी वरून पाणी ओतल्याशिवाय पंप पाणी उचलतच नाही."

शशिकांतनं शेवाळ कागदात गुंडाळलं.

"शेवाळात काय आहे?" रामकृष्ण वैतागला. "पाणी तिथं शेवाळ."

"असं म्हणता?" एवढं बोलून शशिकांत चालू लागला.

नथ्थू खोलीच्या दारात बसला होता. काठ्या त्यालाही दिसत होत्या. "भैयाजी, हमने कुछ नहीं किया," तो म्हणाला. "पंप सकाळी सुखा राहतो. म्हणून आमचं भरलं की हम एक बादली भरके रख देते हैं, पंपापाशी. झाकण ठेवून. सकाळी ओतायला."

"मग ती ओततात?"

"क्या मालूम. सुबह पाहतो तर बादली उलटी. और सारा पानी मोरी में."

"मोरीत? पंपाच्या ओट्यावर नाही?"

"नाही जी. मोरीत."

राधाबाई उन्हात तांदूळ निवडत होत्या. सत्तरीच्या, एकट्या. "मला काय धाड भरते!" त्या म्हणाल्या. "माझी हाडं सकाळी उठतच नाहीत. सगळ्यांची गर्दी ओसरली की मी भरते. आधी बापूसाहेब, मग तुझी पुष्पा, मग ज्यांची माणसं गेली ती दोन घरं. पुष्पाला तुझ्या डब्याची घाई ना, बाबा."

रामकृष्णानं मान फिरवली.

"ती टाकी कसली हो?" शशिकांतनं रस्त्याकडे बोट दाखवलं. तिथं विटांची उघडी टाकी होती.

"ती सरकारी. जपानी बॉम्ब टाकणार म्हणे, तर आग विझवायला. बॉम्ब काही आला नाही. खंदक खणणारे मजूर तिथं धुणं धुतात. त्यांच्यातलेही दोघं गेले म्हणे, बिचारे."

शेवटी बापूसाहेब. ओसरीवर पितळी तांब्या घासून उलटा ठेवला होता.

"सगळ्यात आधी तुम्हीच भरता?"

"सोवळ्याचं पाणी आहे. आधी मी. चाळ बसली तेव्हापासूनची रीत."

"नथ्थूनं भरून ठेवलेली बादली..."

"त्याच्या हातचं पाणी माझ्या घरात शिरत नाही," बापूसाहेब म्हणाले. "तुम्ही त्याची बाजू घ्यायला आले काय?"

"मी पुष्पाबाईंची आणि बेबीची बाजू घ्यायला आलो," शशिकांत म्हणाला.

दुपारी माणसं पंपाभोवती जमली. नथ्थूला मध्ये उभं केलं होतं. शशिकांत ओट्यावर चढला.

"विहिरीचं पाणी चांगलं आहे," तो म्हणाला. "कुलूप आहे, औषध आहे. दुपारची बाटली खरं बोलली. पण मेले कोण? सकाळी सगळ्यात आधी भरणारी चार घरं. राधाबाई मागून भरतात, त्या ठणठणीत. नथ्थू संध्याकाळी भरतो, त्याचं घर ठणठणीत. म्हणजे घाण विहिरीत नव्हतीच. ती रोज सकाळी पंपाच्या पोटात पडत होती. पहिल्या हंड्यांबरोबर बाहेर येई, मग पाणी साफ."

"तेच तर!" कोणीतरी ओरडलं. "बादली नथ्थूच ठेवतो!"

"ती बादली मोरीत जाते. पंपात जात नाही." शशिकांतनं कागद उघडला. "हे वायसरला चिकटलेलं शेवाळ. विहिरीत अंधार आहे, तिथं हिरवं काही उगवत नाही. हे उघड्या, उन्हातल्या पाण्यातलं आहे. चाळीजवळ असं पाणी एकच. ती टाकी, हैज्याचे कपडे जिथं धुतले गेले."

आता रामकृष्णालाही दिसू लागलं, पण बघायचं नव्हतं.

"वाळलेला पंप वरून ओतल्याशिवाय चालत नाही. पहिला भरणारा नथ्थूची बादली ओतून टाकतो. मग पंपात काय ओततो?" शशिकांतचा आवाज उतरला. "बापूसाहेब, तांब्या कुठं बुडवत होता तुम्ही?"

बापूसाहेबांनी टाकीकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे.

"ते प्यायचं नव्हतं," ते म्हणाले. "नुसता वायसर भिजवायचा होता. सरकारी पाणी, कोणाच्या घरचं नाही... मी पहिला हंडा सांडून देत होतो. पंप धुऊन घेत होतो."

"एका हंड्यानं नाही धुतलं जात."

"बेबीनं माझ्याच हातचं पाणी..." ते ओट्याच्या कडेवर बसले. राधाबाईंनी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काठ्या घेतलेली पोरं एकेक करून मागं सरली.

रामकृष्ण तिथंच उभा होता. इतके दिवस ज्याचा गळा धरायला त्याचे हात शिवशिवत होते, तो माणूस पुढं मान खाली घालून उभा होता. त्यानं रोज एक बादली स्वच्छ पाणी भरून, झाकून ठेवलं होतं. ते पंपात गेलं असतं, तर पुष्पानं उद्याही रामकृष्णाच्या हातात डबा दिला असता.

टाकी मजुरांनी माती टाकून बुजवली. सकाळी पंपात नथ्थूचीच बादली ओतली जाऊ लागली. ओततो रामकृष्ण. हैजा थांबला.

नवा वायसर अजून मिळालेला नाही. नथ्थूची पाळी अजून शेवटचीच आहे. त्याच्या दारी जाऊन माफी मागायला चाळीतलं कोणी गेलं नाही. रामकृष्णही गेला नाही. ते राहिलं आहे.