कोंढ्यावरून मोजलेला ठिपका

बसा जी, घाई कायची? आमच्या कोंढ्याच्या वीरेंद्रची गोष्ट सांगतो. चहा थंडा झाला तरी उठावंसं वाटणार नाही.

वीरेंद्र पुण्याले कामाले. कुठच्या तरी दूरच्या पहाडावर भली मोठी दुर्बीण. ती रातभर आभाळाचे फोटो काढे, अन् हा दिवसा कंप्युटरवर एकेका ताऱ्याची जागा मोजे. कशी? तलावाच्या पारीच्या, म्हणजे बांधाच्या, एका टोकावरून मोहाचं झाड पाहा, मंग दुसऱ्या टोकावरून पाहा. झाड सरकल्यावानी दिसते. जवळचं जास्त सरकते, दूरचं कमी. त्यावरून अंतर निघते. ताऱ्याचंही तसंच, बस.

पण त्याचा जीव गावात. आई गोदावरीबाई घरी एकटी. बाप ईश्वर अकरा वर्सांआधी धानाले पाणी सोडाले तलावावर गेला, तो वापस आलाच नाही. जाळं टाकलं, काही गावलं नाही. तवापासून बाई घर सोडे ना.

"आई, चाल ना पुण्याले."

"अन् तुहा बाप आला त? कुलूप पाहून वापस जाईन ना तो!"

एक दिवस पोट्ट्यानं चूक केली. मोजणीत दुर्बिणीचं ठिकाण भरा लागते. यानं फारमावर भरतो तसं सवयीनं आपलं गाव भरलं. कोंढा. सारे तारे इकडचे तिकडे झाले. एकच बारीक ठिपका, जो आजवर कुठंच बसत नव्हता, तो बरोब्बर जागेवर बसला.

त्याचे हापिसातले साहेब हसले. "अरे, दुर्बीण डोंगरावर आहे, तुझ्या कोंढ्यात नाही. कचरा आहे तो, पुसून टाक."

यानं पुसला नाही. गुपचूप कोंढ्यापासून त्याचं अंतर काढलं. वाचता येणार नाही एवढा मोठा आकडा. आठ दिवसांनी काढलं, लय कमी झालं होतं. मंग चंद्र आहे तेवढं. मंग इथून आपलं तालुक्याचं पवनी आहे तेवढं.

आईले आणाले त्यानं तिकीट काढलं. निघाच्या दिवशी नवा फोटो आला.

तीनशे हात.

त्यानं फोन लावला. "आई, दार लाव. मी येऊन राहिलो."

"दार कायले लावू रे?" बाईचा आवाज हासरा. "दिवेलागण झाली. पारीवर कोणी कंदील घेऊन उभा आहे. उभं राहणं ओळखीचं वाटते."

"आई, जाऊ नको."

"तू जेवला का?"

फोन चालूच राहिला. पायाचा आवाज. मंग नुसते बेडकं.

दुसऱ्या दिवशी तो पोचला. दार सताड उघडं. चुलीजवळ दोन ताटं. दोन्ही जेवून झालेले.

बाई नव्हती.

पोलीस आले. तलावात जाळं टाकलं. काही नाही.

आता फोटोत दोन ठिपके आहेत जी. दूर दूर चालले. एक पुढे, एक मागे, मधात चार हाताचं अंतर. शेतावर जाताना बाई नवऱ्याच्या मागं तेवढंच अंतर ठेवे, साऱ्या गावानं पाहिलं आहे.

साहेब म्हणतात, या महिन्यात सारा कचरा साफ करा. पोरगं एकटं पडलं, दबावात पुसून बसन ते. तुम्ही पुण्यालेच चालले ना? पत्ता देतो. त्याले भेटा, अन् सांगा, बाप्पा, ते दोन ठिपके कोणाले पुसू देऊ नको.