पडद्यावरचे दात

स्वतःचे दात मी एवढे मोठे पहिल्यांदा पाहिले ते सांस्कृतिक भवनाच्या पडद्यावर, आणि तेव्हा माझ्या हातात कोळंबीच्या आइस्क्रीमचं पिंप होतं.

पिंप ठेवायचं आणि निघायचं, एवढंच माझं काम. दोलोरेस गावच्या चौकात माझे मालक डॉन कासिमिरो यांच्या गाडीवर मी असल्याच चमत्कारिक चवींचं आइस्क्रीम विकते; आमचं गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. दर गुरुवारी भवनात आपल्या भागातल्या दगडांवर नि जमिनीखालच्या पाण्यावर व्याख्यान असतं, आणि ते ऐकून झालं की लोकांना काहीतरी गार लागतं. आत अंधार होता. एक उंच तरुण ज्वालामुखीच्या जुन्या खडकांबद्दल बोलत होता. आवाज छान होता, खोटं कशाला सांगू. खडकात फ्लोराइड असतं, ते पाण्यात उतरतं, वाड्यावस्त्यांवरची मुलं तेच पाणी पितात... आणि त्याने पुढचं चित्र लावलं.

तपकिरी चट्टे पडलेले दात. वरचा एक कोपऱ्यात तुटलेला. लहानपणी गाढवावरून पडले होते मी, तो दात मी झोपेतही ओळखेन.

पुढच्या रांगेतल्या बायका हळहळल्या. "बिच्चारे," कुणीतरी म्हणालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिंप दाणकन खाली आदळलं नि म्हटलं, "ते दात माझे आहेत. तो फोटो उतरवा."

सगळं भवन मागे वळलं. मला बघायला नव्हे, माझं तोंड बघायला. मी ओठ घट्ट मिटले आणि बाहेर पडले.

काही वर्षांपूर्वी विद्यापीठाची माणसं आमच्या एल साउस वाडीत आली होती. दातांचे फोटो अभ्यासाला हवेत, चेहरा येणार नाही, म्हणाली. चेहरा आला नाही, हे खरं. पण जी मुलगी हसतानासुद्धा तोंडावर हात धरते, जिने आजवर एकाही मुलाला जवळ येऊ दिलं नाही, तिचंच तोंड भिंतीएवढं करून गावाला दाखवायचं? आणि वर तिची कीव करायची?

दुसऱ्या दिवशी तो व्याख्यान देणारा इंजिनियर गाडीवर हजर. नाव फेर्मिन. फोटो प्राध्यापकांकडून आला होता, कुणाचा ते विचारायचं सुचलंच नाही, म्हणाला.

"माफी मागायला आलोय."

"इथे माफी मिळत नाही, इंजिनियरसाहेब. आइस्क्रीम मिळतं."

मी त्याला कोळंबीचंच दिलं. बाहेरगावचे लोक ते चमचाभर चाखतात, फोटो काढतात आणि पळतात. याने सगळं संपवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"खोटं बोलताय."

"हो."

मग तो रोज यायला लागला. मी डुकराच्या तळलेल्या चामडीचं दिलं, मग मिरचीच्या काळ्या रश्शाचं, मग चीजचं. तो निमूटपणे खायचा, आणि खाताना माझ्याकडे बघायचा... दातांकडे नाही, डोळ्यांकडे. पोरी, मारशील त्याला, डॉन कासिमिरो म्हणायचे. साधं लिंबाचं कधी मिळणार, असं त्याने एकदा विचारलं, तर ते कमवावं लागतं, मी म्हटलं. पेला देताना बोटाला बोट लागलं तर मी त्यालाच झापायचे. पण त्याची यायची वेळ झाली की मी उगाच फडका मारत रस्त्याकडे बघायचे, आणि त्याचाही मला राग यायचा.

एका रविवारी तो विहिरीची पातळी मोजायला आमच्या वाडीत आला. आईने त्याला राजमा वाढला, आणि समोर बसून दातांनी शेंगा फोडत त्याच्या बोलण्यावर खळखळून हसली. आईचे दात म्हणजे एकसारखे, पांढरेशुभ्र.

त्याने तिचा निरोप घेतला आणि आम्ही बाहेर आलो, तेव्हा मी त्याला विचारलं, "खडकाचा दोष ना? मग आईच्या लहानपणी खडक दुसरा होता का?"

त्याने हळूच सांगितलं. आई उथळ विहिरीचं पाणी प्यायली. नंतर परदेशात भाजी पाठवणाऱ्या कंपनीने ब्रोकोलीसाठी बोअर मारल्या, पाणी खाली गेलं, त्यांनी आणखी खोल मारल्या. तळाचं पाणी हजारो वर्षं खडकात पडून असतं. फ्लोराइड तिथलं.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग व्याख्यानात का नाही बोललात?"

तो बुटांकडे बघायला लागला. व्याख्यानांचा खर्च कंपनीच करते... त्याचा पगारही. तेवढा भाग वगळायचा, असं ठरलंय.

"माझे दात दाखवताना लाज नाही वाटली," मी म्हटलं, "आणि त्यांच्या बोअरचं नाव घ्यायला दातखीळ बसते?"

तो निघून गेला. त्यानंतर गाडीवर फिरकलाच नाही. बरं झालं, मी स्वतःला म्हटलं. बरं कसलं, जेवण जात नव्हतं. आवडायला माणूस मिळाला, तोही असा मूग गिळून बसणारा.

बुधवारी तो आला. उभ्या उभ्या म्हणाला, "उद्या बोलायचंय. तुमचा फोटो काढून टाकलाय."

"परत लाव," मी म्हटलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "खाली माझं नाव लिही. ओतिलिया, एल साउस. आणि शेजारी त्यांच्या बोअर. किती खोल, कधीपासून. एकाशिवाय दुसरं लावायचं नाही."

"ओतिलिया... नोकरी जाईल."

"माझे दात गेले."

गुरुवारी मी आईला घेऊन पहिल्या रांगेत बसले. पलीकडे कंपनीचे साहेब. फेर्मिनने फोटो लावला, खाली माझं नाव. मग बोअर, एकेक करून, सगळ्या.

साहेब उठले. हे विषयाला सोडून आहे, म्हणाले, हे सगळं निसर्गतःच होतं.

मीही उठले. "साहेब, इकडे बघा," म्हटलं आणि ओठ मागे ओढून सगळे दात दाखवले. "हे निसर्गाने केलं? मग निसर्ग माझ्या आईला विसरला का?"

आईने तोंडभर हसून दाखवलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग भवनात एकच गलका उठला. बोअरला परवानगी कुणी दिली, आमच्या मुलांचं काय, टँकर का येत नाही. साहेब बाजूच्या दाराने निघून गेले. त्या दिवशी कुणी कुणाला बिच्चारं म्हटलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर फेर्मिन फोन खिशात ठेवत उभा होता. नोकरी गेलीच होती.

"पश्चात्ताप होतोय?" मी विचारलं.

"एवढाच, की पहिल्याच दिवशी बोललो नाही." तो अडखळला. "आणि... तू मला आवडतेस, हेही आधी बोलायला हवं होतं. तू पिंप आदळलंस तेव्हापासून आवडतेस. आता ओरड."

ओरडलेच मी. एवढे दिवस मुकाट कोळंबी गिळत बसलास आणि मी रोज रस्त्याकडे बघून मान मोडून घेतली, असं बरंच काही. तो ऐकत जवळ आला. इतका जवळ आजवर कुणी आलं नव्हतं. माझा हात आपसूक तोंडावर गेला. मला भीती वाटत होती, आणि तसं मी त्याला सांगितलं.

"डोळे मिटू का?" तो हलकेच म्हणाला. "म्हणजे तुला..."

"मिटायचे नाहीत," मी दरडावलं, हात काढला आणि त्याला कॉलर धरून जवळ ओढलं. "नीट बघ."