जुना बोर्ड परत बसवून द्या

लोड होतंय… ११ टक्के…

"जोर लावू नका — मोडंल!"

शिवलीलाचा हात जागच्या जागी थांबला. उमरग्यातल्या त्या चिंचोळ्या दुकानात, काउंटरवर आपला कॉम्प्युटर उघडून, ती नवी रॅम कशी आत जात नाही ते दाबून दाबून दाखवत होती.

दुकानदारानं, शंभुलिंगनं, आधी कॅबिनेटच्या लोखंडी पत्र्यावर तळहात टेकवला. क्षणभर थांबला. मग तिच्या बोटांतून रॅमची पट्टी अलगद काढून घेतली.

"पत्र्याला हात कशाला?"

"अंगात वीज असती. नाजूक वस्तूला लागली तर ती जळून जाती. आधी लोखंडाला द्यायची… मग हात लावायचा."

त्यानं पट्टी उजेडात धरली. "ही खाच बघा. तुमच्या मदरबोर्डाची खाच जरा अलीकडं. ही नव्या जातीची, डीडीआर फोर; तुमचा बोर्ड जुन्या थ्रीचा. कुठनं घेतली?"

"मोबाइलवरनं मागवली."

"मग मोबाइललाच बसवा की."

ती हसली. किती दिवसांनी — आठवेना.

"बोर्ड बदलावा लागंल. सोलापूरहून मागवतो. मंगळवारी या." आणि ती दाराशी पोचल्यावर मागून, कानडीत, "ऊटा आतेन्री?"

जेवण झालं का.

आई गेल्यापासून हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "झालं," ती म्हणाली. झालं नव्हतं.

३४ टक्के…

मुरुम गावात तिचं लग्नपत्रिका करण्याचं दुकान होतं. एकटीचं. घरही एकटीचंच. बारा वर्षांचा कॉम्प्युटर एक पत्रिका उघडायला इतका वेळ घ्यायचा की गिऱ्हाईक स्टुलावर टेकायचं, आणि टेकलं की बोलायचं. नवरी किती शिकलीय, मामा का रुसलाय. गावातल्या सगळ्या लग्नांचं तिला माहीत होतं. तिच्याच लग्नाचं विचारायचं तेवढं लोकांनी थांबवलं होतं.

पण दगडोबा नावाचं एक गिऱ्हाईक यंदा उठून गेलं. "ताई, तुमचं मशीन अन् माझा बैल एका वयाचे हायेत. बैल तरी चालतोय." त्याच दिवशी तिनं रॅम मागवली होती.

३५

मंगळवार. बोर्ड आला. "पण ह्याला जुना प्रोसेसर चालत न्हाय. शुक्रवारी या."

शुक्रवार. प्रोसेसर आला. त्यावर लावायची पेस्ट संपली होती.

सोमवार. पेस्ट होती. पॉवर सप्लाय कमी पडत होता. "बुधवारी या."

"तुम्ही एकदमच का सांगत नाही ओ?"

तो स्क्रू शोधत राहिला. स्क्रू त्याच्या हातातच होता.

मुरुम ते उमरगा, एसटीची खिडकी, कापून झालेली ज्वारीची रानं, उन्हानं तापलेला गज. दर वेळी तेच, "ऊटा आतेन्री?" दर वेळी तिचं खोटं, "झालं."

९९ — आणि एकदम १००

नवा कॉम्प्युटर पापणी लवायच्या आत उघडला.

पहिलं गिऱ्हाईक उभंच राहिलं. "झालं पण? मोबाइलवर टाका, ताई." गेलं. दुसरंही तसंच. तीन वाजता दिवसाचं काम संपलं. स्टूल रिकामं. पंखा फिरत होता… चहा एकच, तोही गार.

आणि उमरग्याला जायला आता काही कारण —

नव्हतं.

चार दिवस तिनं असेच काढले. पाचव्या दिवशी त्यानं काढून दिलेला जुना बोर्ड कापडात गुंडाळला आणि एसटीत चढली.

(टक्के नाहीत)

"हा परत बसवून द्या."

शंभुलिंग बघतच राहिला. "नवा बिघडला?"

"नाही. लई चांगला चालतोय. लई भरभर. पहिलं लोक स्टुलावर बसायचे ओ. बोलायचे. आता कुणी… कुणी थांबतच नाही."

तो खाली बघत — "एकदम सांगता आलं असतं."

"काय?"

"बोर्ड, प्रोसेसर, सप्लाय. पहिल्याच दिवशी माहीत होतं. पेस्ट तर… ड्रॉवरमध्येच होती."

"मग मला चार खेपा का घालायला लावल्या?"

"तुमी एकदाच आला असता तर… माझ्याबी दुकानात कुणी बसत न्हाय. घ्यायचं अन् जायचं."

शिवलीलानं जुना बोर्ड काउंटरवर ठेवला. दोघांच्या मधोमध.

"हा परत बसवणार न्हाय मी," तो म्हणाला. "गुरुवारी माझं दुकान बंद असतंय. तुमचं ते स्टूल… रिकामंच हाय ना?"

तिनं मान हलवली.

तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला. दाराशी असलेल्या लोखंडी शटरच्या पट्टीवर त्यानं तळहात टेकवला. क्षणभर थांबला. मग हात पुढे केला, तिच्या हाताच्या दिशेनं… आणि मधेच थबकला.

"ऊटा आतेन्री?"

"न्हाय," ती म्हणाली. "एकदाबी झालं नव्हतं."

आणि तिनंही शटरला हात टेकवला.