झाकणाखालचा उजेड

दुर्बिणीच्या तोंडावर झाकण होतं, तरी पडद्यावर उजेडाचा आकडा दिसत होता. शाल्मलीने झाकण चाचपून पाहिलं. ते घट्टच होतं.

चंद्राच्या मागल्या बाजूच्या त्या केंद्रात ती आणि तिचे आजोबा, नाना, दोघंच राहत. तिथून पृथ्वीही दिसत नसे. शनीकडे गेलेल्या आईच्या यानाचा रेडिओ गप्प झाला होता. तसं झालं तर यान चंद्राकडे लेझरचा दिवा रोखेल, असं आधीच ठरलं होतं. तो दिवा आज सापडला नाही, तर दुर्बीण दुसऱ्या कामाला लागणार होती.

आकडा बघून शाल्मली म्हणाली होती, "आईचा दिवा लागलाय." नाना पुटपुटले होते, "असेलही. पण एकदा झाकण लावून बघ."

आता तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे आईचा दिवा नाहीच?"

"तसं नाही म्हणत मी," नाना चष्मा पुसत म्हणाले. "हा आकडा तिचा एकटीचा नाही, एवढंच. आत फोटोडायोड (उजेड पडला की विजेचा बारीक प्रवाह देणारा तुकडा) आहे ना? त्यावर प्रकाशाचा कण पडला की इलेक्ट्रॉन (विजेचा अतिसूक्ष्म कण) सुटतो. पण उष्णतेच्या धक्क्यानंही एखादा सुटतो, अगदी अंधारातसुद्धा. तो झाला अंधारप्रवाह. आपण कशामुळे सुटलो, हे काही इलेक्ट्रॉन सांगत नाही."

"अंधारात एकटंच बडबडायचं. तुमच्यासारखं."

"माझ्यासारखंच," नाना हसले. "पण इतकी बडबड? माझंच काही चुकलं असेल." ते दुर्बिणीमागे वाकले. फोटोडायोडच्या डबीभोवती लोकरी शाल गुंडाळलेली होती.

शाल्मलीने मान खाली घातली. "आईची आहे. डबी फार गार लागत होती. आणि एकटीच असते ती तिथे."

नानांनी शाल सोडवली आणि तिच्या खांद्यांवर घातली. "तिला गारच ठेवायचं असतं गं. डबीतली उष्णता मागच्या पत्र्यांतून बाहेर जाते. शालीनं तीच वाट अडवली. आठ-दहा अंश गार केलं, की अंधारप्रवाह जवळजवळ निम्मा होतो."

डबी हळूहळू थंड झाली. आकडा उतरत गेला. शाल्मलीला वाटलं, आईच दूर चालली आहे.

मग त्यांनी झाकण लावून मोजलं, काढून मोजलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. प्रत्येक वेळी आकडा थोडा इकडेतिकडे व्हायचा.

"एका मापावर विसंबायचं नाही," नाना म्हणाले. "पुष्कळ मापांची सरासरी घेतली, की ही चुळबुळ कमी होते. मग उघड्या मापातून झाकलेलं वजा करायचं."

तिने वजा केलं. अगदी थोडं उरलं.

"हे आईचं?"

"दुसरा कुठला उजेडही असेल." नानांनी दुर्बीण किंचित बाजूच्या रिकाम्या आकाशाकडे वळवली आणि सगळं पुन्हा मोजलं. या वेळी काहीच उरलं नाही. यानाकडे वळवली, तर तेवढंच थोडं पुन्हा हजर.

शाल्मली नानांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते आता "असेल" म्हणतील, याची तिला खात्री होती.

"आहे," नाना म्हणाले.

तिने शाल घट्ट ओढून घेतली. मग तिने विचारलं, "आपणही आपला लेझरचा दिवा लावू या? आईकडे असेल ना अशी डबी?"

"आहे की."

"तिने गार ठेवली असली म्हणजे झालं," शाल्मली म्हणाली, आणि दिव्याच्या बटणाकडे गेली.