ओली घरघर

गच्चीवरच्या खोलीत मी रेग्युलेटर बनवते. एवढं सांगितलं की केडगावातला माणूस हमखास विचारतो, "पंख्याचे का?" पंख्याचे नव्हेत. हौसेनं घरीच ॲम्प्लिफायर जोडणारे लोक असतात, जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेटी ऐकणारे. त्यांच्या यंत्राला जाणारी वीज आधी माझ्या अंगठ्याएवढ्या बोर्डातून जाते आणि साफ होऊन पुढं जाते. धंदा एवढाच.

वीज घाण असते हे लोकांना पटतच नाही. पण तारेतून घरात येणारी वीज म्हणजे बाजाराच्या दिवशीचं गटार. कुणाची मोटर, कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं वेल्डिंग, सगळ्यांचं खरकटं त्यात वाहत असतं आणि तुमच्या स्पीकरमधून घरघर करत बाहेर पडतं. मला खरकट्याची शिसारी आहे, अगदी लहानपणापासून. मोरीच्या जाळीत अडकलेले केस, दुसऱ्यानं अर्धा चावलेला घास. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी खाकरल्यानंतरचा तो क्षण, तो आता थुंकणार की गिळणार हे ठरायच्या आधीचा. मी ताट सोडून उठते. घरचे मला 'फिनेल' म्हणून चिडवतात.

तर मोबाईलवरच्या माझ्या जाहिरातीत एकच ओळ आहे. 'आवाजातली घाण काढून मिळेल.' लिहिली तेव्हा फार हुशारीची वाटली होती.

काढलेली घाण जाते कुठं, असं एखादं चौकस गिऱ्हाईक विचारतं. मी सांगते, जमिनीत. खरं उत्तर लांबलचक आहे, पण हे अगदीच खोटं नाही. अर्थिंगची तार चांगली असेल तर बरंचसं नको ते तिच्यातून जातं, आणि जमीन काही कुणाला परत करत नाही.

उन्हाळ्यात मोझेस मास्तरांचा फोन आला. पुणतांब्याच्या अलीकडं त्यांची वस्ती. साखर कारखान्यात नोकरी झालेली, पण देवळात म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये गायन बसवायचे, म्हणून मास्तर. आवाज थकलेला होता.

"ताई, ती जाहिरात तुमचीच का? घान काढून देता म्हनं."

"हो. काय अडचण आहे?"

"घरघर लागलीया. लई दिवस झाले. तिच्यापायी आमच्या साराचं गानं ऐकाया येत न्हाई."

माझी सगळी गिऱ्हाइकं हेच बोलतात. घरघर येते, घरघर होते. मास्तर 'लागलीया' म्हणाले. मराठीत घरघर लागते ती कुणाला, हे शाळेतल्या पोराला माहीत आहे. पण माझ्या डोक्यात ट्रान्सफॉर्मर होता. मी विचारलं, आवाज जाड आहे की बारीक?

"ओली हाय," ते म्हणाले.

कपॅसिटर गळत असेल, मी मनात म्हटलं. कुठून येते विचारलं तर म्हणाले, "आतून." आणि मग, "तिचं एक गानं नीट ऐकायचंय, ताई. पुन्यांदा एकदा. मंग काय बी हू द्या."

मास्तरांना आता या वयात सोल्डरिंग जमणार नव्हतं, म्हणून बोर्ड घेऊन मीच गेले.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. बाहेरच्याच खोलीत लोखंडी कॉटवर त्यांच्या पत्नी होत्या, साराबाई. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि पाय पुढं पडेना. तो आवाज त्यांच्या छातीतून येत होता. आत जाताना फाटका, बाहेर येताना चिकट, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की आता काहीतरी वर येईल, पण ते येत नव्हतं. उशाशी थुंकायचं तस्त होतं. त्यात मी बघितलं नाही म्हणजे नाही.

"डॉक्टरनी घरी न्या म्हनून सांगितलं," मास्तर म्हणाले. शेजारच्या झुंबरबाई त्यांच्याकडं यायच्या, तस्त त्याच धुवायच्या. त्यांनी मला मोरीपाशी हात धुवायला पाणी दिलं. मी अजून कशाला हातही लावला नव्हता, तरी धुतले.

ॲम्प्लिफायर मात्र खरंच होता. मास्तरांनी पूर्वी स्वतः जोडलेला, लाकडी डब्यातला, आणि त्यात घरघरही होती, चांगली जाड. कॅसेटवर साराबाई गात होत्या, तरुणपणीच्या. 'ये मेंढपाळा, सांज झाली, कोकरू एक उणे रे.' शब्द घरघरीत बुडत होते. एका कोपऱ्यात स्पीकर घरघरत होता, दुसऱ्यात बाई. 

काम सुरू केलं. अर्थिंगचा खड्डा घरामागं, खिडकीखाली होता, पण कोरडाठाक पडलेला. मी मास्तरांना मीठ आणि कोळसा टाकायला सांगितला, वरून बादलीभर पाणी. तारेचा माग घेत आत आले तर ती आधी कॉटच्या पायाला बांधलेली दिसली.

"ही इथं कशाला?"

"भिंतीला ओल हाय. कॉटीला करंट यायचा. म्हनून बांधली."

बरोबरच होतं. मी असते तर मीही तेच केलं असतं. तार तशीच ठेवली आणि माझ्या बोर्डाची अर्थिंगही तिथंच, कॉटच्या पायापाशी जोडून घेतली. एका घरात दोन अर्थिंग असू नयेत, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे.

बटण दाबलं.

घरघर गेली. माझ्या बोर्डानं जाते तशीच, ओल्या फडक्यानं काच पुसावी तशी. कॅसेटवरची साराबाई खोलीच्या मध्यभागी येऊन गायला लागली. मास्तरांनी डोळ्यांना धोतराचं टोक लावलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गाणं संपलं तेव्हा खोलीत काहीच आवाज नव्हता. काहीच. मी वळून बघितलं. मला वाटलं, बाई गेल्या.

त्या डोळे उघडून आमच्याकडं बघत होत्या. छाती शांत होती.

"भूक लागलीया," साराबाई म्हणाल्या.

मास्तरांचा फोन नंतर येत राहिला. सारा उठून बसली. सारानं भाकरी खाल्ली. सारा गायला लागली. मी म्हटलं, कधीकधी पेशंट असा सावरतो, आनंद आहे. बोर्ड माझा असला तरी श्रेय घ्यायचा मोह मी टाळला. मग एके दिवशी ते म्हणाले, "त्या खड्ड्याला जरा वास येतोय, ताई. येऊन बगता का?"

मेलेला उंदीर असणार. संगमनेरला एका गिऱ्हाइकाकडं जायचंच होतं, वाकडी वाट करून दुपारी पुणतांब्याकडं गेले.

घराच्या अलीकडंच झुंबरबाई भेटल्या. डोक्यावर गवताचा भारा होता, तरी थांबल्या. मी साराबाईंची चौकशी केली.

"बरी हाय की. तस्त कोरडं ठनठनीत असतंय आता." मग घराकडं मान वळवून म्हणाल्या, "मी जात न्हाई तिकडं. कुत्रं बी जात न्हाई. येवढं लई येत हुतं तिला, बाई. एका येळी कसं आटंल? कुटं तरी जातंयच ना ते?"

मी आधी खड्ड्याकडंच गेले. बादलीभर पाणी कधीच जिरून गेलेलं असायला हवं होतं. खड्डा काठोकाठ भरला होता. पाण्यानं नाही. पिवळट, हिरवट, मध्ये शेंबडासारखी तार धरलेलं काहीतरी होतं ते, आणि त्यावर एक साय. साय फुगायची, ताणायची, फुटायची नाही. मग खाली बसायची. मीठ, कोळसा, न्हाणीघराचं पाझरलेलं पाणी, उष्णतेनं आंबलं असेल. मी हे सगळं मोठ्यानं म्हणत होते. पदर नाकाला लावून. मोरीकडं पळाले आणि ओकले.

आतून गाणं ऐकू येत होतं. 'ये मेंढपाळा, सांज झाली.' कॅसेट लावली असेल म्हणून आत गेले, तर ॲम्प्लिफायर नुसता चालू होता आणि साराबाई कॉटवर बसून स्वतः गात होत्या. गाल भरले होते. केस विंचरलेले. कॉटच्या पायाची तार आता त्यांच्या पायातल्या जोडव्याला गुंडाळलेली होती.

"बगा," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा होता.

माझा कान गाणं ऐकत नाही, तो गाण्याच्या खालचं ऐकतो. सुरांच्या खाली काय घाण उरली आहे, हे शोधण्यावरच माझं पोट आहे. मी ऐकलं. आवाज स्वच्छ होता. एक ओळ संपली, दुसरी लागली. दुसरी संपली, तिसरी लागली.

मध्ये श्वास नव्हता.

कुठलाही गाणारा ओळीच्या शेवटी हवा ओढतो. साराबाई ओढत नव्हत्या. मी त्यांच्या छातीकडं बघत राहिले. पातळाचा काठ हलत नव्हता.

खिडकीबाहेर मात्र काहीतरी वर येत होतं आणि खाली बसत होतं. फाटकं आत, चिकट बाहेर.

"मास्तर," मी म्हटलं, "डब्यातली घरघर काढायला सांगितली होती ना तुम्ही?"

"डब्याची मी कवा म्हनलो?" ते शांतपणे म्हणाले. "डब्याची काय, ती चालली असती."

तेवढ्यात वीज गेली.

साराबाई थांबल्या. 'कोकरू एक' इथंच. तोंड उघडं, जीभ वर लागलेली, डोळे माझ्यावर.

पुढचा शब्द खिडकीखालून आला.

'उणे रे.' ओला. भरल्या घशातून, बुडबुड्यांतून. सूर मात्र अचूक होता.

मग ते खाकरलं.

मी वाट बघत होते की ते थुंकेल. देवा, थुंकू दे.

त्यानं गिळलं.

वीज आली. साराबाईंनी पुढची ओळ उचलली.

माझ्या पिशवीत पक्कड होती. जोडव्याची तार तोडायची, एवढंच काम. मी खाली वाकलेसुद्धा. मास्तर माझ्यापुढं गुडघ्यावर बसले.

"हात नका लावू, ताई. तोडली तर ती घरघर कुटं जाईल? परत तिच्यातच का? मी ऐकलीया ती लई महिने. तुमी दारातूनच नाक मुरडलं हुतं."

मी तारेकडं बघितलं. तांब्याच्या तारेवरून काहीतरी ओघळत होतं, पायाकडून भिंतीकडं. जाडसर. सावकाश. त्यात एक बुडबुडा होता, तोही चालला होता.

पक्कड लावली असती तर ते बोटांना लागलं असतं.

मी उठले. मला मास्तरांची दया आली म्हणून मी सोडून दिलं असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. मला फक्त किळस आली. साराबाई मागं गातच होत्या, मी गाडी सुरू केली तरी.

त्यानंतर मी जाहिरातीतली ती ओळ काढून टाकली. बोर्ड अजून बनवते. गिऱ्हाईक घरघर म्हणालं की मी विचारते, येते की लागलीय? लोक हसतात.

काल दुपारी मास्तरांचा फोन आला. आवाज ओळखूच आला नाही, इतका मोकळा होता. पुणतांब्याला पाऊसपाणी कसं आहे, नदीला पाणी कधी सोडलं, साराला आता वांग्याचं भरीत गोड लागतं, चर्चमध्ये परत गायन बसवायचं आहे, दोघांनी मिळून, मधे त्यांनाही जरा छातीचा त्रास झाला होता पण तार लांब होती, दोघांना पुरली, ताई तुमचे उपकार कसे फेडू. मी हो, हो म्हणत राहिले. बरं वाटायला लागलं होतं ऐकून. बोलणं संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, एवढ्या वेळात ते एकदाही श्वासाला थांबले नव्हते.

मी फोन कानाला दाबून धरला.  लाईन अगदी स्वच्छ होती.

लांब, त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला, दोघंजण एकदमच खाकरले.